व्हाईसच्या जबड्यांना अस्तर
सुतारकाम करणाऱ्या बांधवांनो, टेबलाचा तासलेला सागवानी पाय व्हाईसमध्ये आवळला आणि त्यावर लोखंडी जबड्याचा वण उमटला, तर लाकूडही जाते आणि दिवसाची मजुरीही. म्हणून दोन्ही जबड्यांना अस्तर हवेच.

१८ मि.मी. प्लायवूडचे दोन सारखे तुकडे कापा. वरची कड लोखंडापेक्षा थोडी उंच ठेवा. मग रंधा लोखंडावर आपटत नाही. बहुतेक जबड्यांना भोके असतात. त्यांतून मागच्या बाजूने स्क्रू पिळा. टोक अस्तराबाहेर येऊ नये, म्हणून स्क्रूची लांबी आधी मोजा. पॉलिशच्या कामासाठी अस्तरावर चामडे चिकटवा. मधे प्लास्टिकचा कागद घालून व्हाईस रात्रभर हलकेच आवळून ठेवा. काळे रबर टाळा, फिक्या लाकडावर डाग पडतो.

अस्तर झिजले की बदला. उरलेल्या प्लायमधून नवे फुकटच निघते.