दाजींची मोटर भरून दिली, आता पैसे कसे मागायचे?

आज जरा नाजूक विषय. कर्ज कसं मिळवायचं हे सगळेच सांगतात. दाजींकडून पैसे कसे मागायचे, हे कुणी सांगत नाही.

केज असो, धारूर असो की गेवराई, मोटर भरायचं दुकान टाकलं की पहिलं गिऱ्हाईक घरचंच. उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, मोटर जळते. दाजी ती टेम्पोत टाकून आणतात आणि म्हणतात, “घरचंच दुकान आहे, घे करून.” तुम्ही रात्री जागून भरून देता. पैशाचा विषय निघत नाही. सहा महिन्यांनी तुम्ही दाजींना लबाड ठरवता. माझं मत वेगळं आहे. आकडा तुम्ही सांगितलाच नाही, तर त्यांनी द्यायचे तरी किती?

आकडा मोटर उघडल्या उघडल्या सांगायचा, आणि माल वेगळा, मजुरी वेगळी. समजा तार-बेअरिंगचे 3,000 आणि मजुरी 1,500. तार तुम्ही बीडहून उधारीवर आणलीय, आणि तो दुकानदार काही तुमचा पाव्हणा नाही. म्हणून मालाचे पैसे आधी घ्या. मजुरीत सूट द्या की खुशाल, पण बिलावर लिहा: मजुरी 1,500, सूट 500. लिहिली नाही तर सूट दिली हेच कुणाला कळत नाही.

कायदाही हेच विचारतो. भारतीय करार कायदा 1872, कलम 70: काम फुकट करायचा हेतू नव्हता आणि समोरच्याने फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. हेतू दाखवायचा कशाने? त्या बिलाने, नाहीतर व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दराने. कलम 170 प्रमाणे वेगळं काही ठरलं नसेल तर मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते, पण त्याच कामापुरती. गेल्या साली गाडी दुरुस्त केली त्या उधारीसाठी यंदाची मोटर अडवता येत नाही. आणि पीक वाळत असताना अडवलीच, तर पैसे येतीलही, पण बहीण दिवाळीला माहेरी येईल का, याचा विचार करा. मी तरी अडवणार नाही.

जुनी बाकी असेल तर वेळ बघून मागा. लग्नात, चारचौघांत नको. बहिणीकडून निरोप तर अजिबात नको. दाजी ऊसतोडीला जात असतील तर मुकादमाच्या उचलीवर डोळा ठेवू नका. ती उचल म्हणजे त्यांच्या डोक्यावरचं कर्जच असतं. कापूस विकला, की एकट्याने जा आणि सरळ बोला: “दाजी, मोटरचे 4,000 राहिलेत. दोन हप्त्यांत दिले तरी चालेल.” त्यांनी 500 दिले तरी घ्या आणि राहिलेल्या बाकीवर वहीत त्यांची सही घ्या.

सही का? पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. मुदत संपायच्या आत बाकी लेखी कबूल केली, की तिथून तीन वर्षं पुन्हा मोजतात. तरी 4,000 साठी कोर्टाची पायरी चढू नका. रक्कम मोठी असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. दावा न लावताही प्रकरण लोकअदालतीत जातं, तिथं कोर्ट फी नाही आणि तडजोड दोघांच्या मर्जीनेच होते.

आणि हो, मागायला जाण्याआधी आपलीही वही बघा. दाजींच्या शेतातून ज्वारीचं पोतं आणलं असेल, तर ते आधी वजा करा.