हवाई सुंदरी आणि वजनाचा काटा

विमानात आपली सेवा करणाऱ्या स्त्री-कर्मचाऱ्यांना मराठीत ‘हवाई सुंदरी’ हे नाव मिळाले. ते इतके रुळले की त्यात काही खटकण्याजोगे आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. मला मात्र ते खटकते, कारण ही नोकरी परिचर्येतून जन्मली. १९३० साली एलेन चर्च या अमेरिकन परिचारिकेने बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीला पटवून दिले की, विमानात भेदरलेल्या आणि ओकाऱ्यांनी हैराण झालेल्या प्रवाशांजवळ परिचारिका असावी. तिच्यासह आठ जणी नेमल्या गेल्या. आठही प्रशिक्षित परिचारिका. अटी अशा : वय पंचविशीच्या आत, लग्न झालेले नसावे, उंची ५ फूट ४ इंचांपर्यंत आणि वजन ११५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५२ किलोंच्या आत. त्या काळची विमाने चिमुकली, छत ठेंगणे. तेव्हा उंचीवजनाच्या अटीला निदान काही कारण होते. पुढे विमाने अजस्र झाली. दुसऱ्या महायुद्धात परिचारिका आघाडीवर गेल्या आणि परिचर्येच्या प्रशिक्षणाची अट गळून पडली. वजनाची मात्र राहिली!

आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे वाचकांस वाटेल. गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात अठरा-वीस वर्षांच्या अशा मुली येऊ लागल्या आहेत, ज्या ‘केबिन क्रू’च्या मुलाखतीची तयारी करीत आहेत. त्यांना घेऊन येते ती बहुधा आजी. अशाच एका आजीबाईंनी नातीला माझ्यासमोर बसवले आणि म्हणाल्या, “डॉक्टर, ही पोरगी ताकसुद्धा पाण्यासारखं करून पिते. आता केसही गळायला लागलेत.” मुलीचे हात गार, नाडी मंद, पाळी तीन महिन्यांपासून बंद. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ४२ किलो. मी विचारले, “बाळ, किती वजन व्हायला हवं म्हणतेस?” ती म्हणाली, “अजून दोन-तीन किलो कमी. तिथं बारीकच लागतात.”

कागदावर काय लागते ते पाहू. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१४ साली केबिन कर्मचाऱ्यांसाठी जे निकष घातले, त्यांत उंची-वजनाचे गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, स्त्रियांसाठी १८ ते २२ आणि पुरुषांसाठी १८ ते २५ हे सामान्य मानले. या मुलीच्या उंचीला ते वजन साधारण साडेचव्वेचाळीस ते चोपन्न किलो होते. म्हणजे जिच्यासाठी ती उपाशी राहत होती त्या नियमाच्या खालच्या रेषेच्याही ती खाली गेली होती. वरची रेषा सगळ्या मुलींना पाठ असते. खालचीही एक रेषा आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

या आकड्यांकडे वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर एक गंमत, गंमत कसली, अन्यायच दिसतो. वैद्यकशास्त्रात बीएमआयची फूटपट्टी स्त्री-पुरुषांना एकच आहे. भारतीयांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार लवकर गाठतात म्हणून आपण ती २३ वर आणली. विमानसेवेच्या नियमाने स्त्रीला त्याहून आत आवळले आणि पुरुषाला त्याहून दोन अंकांची मोकळीक दिली. ज्याला आरोग्याची काळजी आहे, तो अशी विभागणी करणार नाही.

काही अटी मात्र खरोखर प्रवाशांच्या जिवासाठी आहेत, आणि त्यांबद्दल माझी तक्रार नाही. एमिरेट्स ही कंपनी किमान १६० सेंटिमीटर उंची आणि टाचा उचलून २१२ सेंटिमीटरपर्यंत हात पोहोचणे मागते. डोक्यावरच्या कप्प्यातले आपत्कालीन साहित्य काढता आले पाहिजे म्हणून. भरलेले विमान निम्म्या दारांनी ९० सेकंदांत रिकामे करता येते, हे विमान मंजूर होतानाच दाखवावे लागते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानावर आदळून पेटले. आठपैकी तीनच दारे वापरता आली, घोषणायंत्रणा बंद पडली. कर्मचाऱ्यांनी कर्णे घेऊन, ओरडून ३६७ प्रवाशांना जिवंत बाहेर काढले. त्या धुरात उपयोगी पडली ती तालीम, दमसास आणि आवाज. उपाशी मुलीजवळ यांतले दोन टिकत नाहीत.

उरलेल्या मागण्या डोळ्यांसाठी : नितळ कांती, रंगवलेले ओठ, उंच टाचा. त्याही हळूहळू सैल होत आहेत. व्हर्जिन अटलांटिकने २०१९ मध्ये स्त्रियांवरील मेकअपची सक्ती काढली. २०२० मध्ये जपान एअरलाइन्सने उंच टाचांची काढली. वयाचेही तसेच. एअर इंडियाच्या जुन्या नियमांनुसार विमानसेविकेला पस्तिशीत, किंवा त्याआधी पहिल्या गरोदरपणात घरी जावे लागे. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारिणी न्यायालयात गेल्या आणि १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाचे कलम रद्द केले. अमेरिकेत बेट नॅश १९५७ साली, नोकरीत वजनाचा काटा असे त्या काळी, रुजू झाल्या आणि २०२४ मध्ये ८८व्या वर्षी निधन होईपर्यंत निवृत्त झाल्याच नाहीत. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलासाठी रात्री घरी परतता यावे म्हणून त्या वॉशिंग्टन-बॉस्टन ही फेरी पसंत करीत. घरात कोणाची शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना त्यांचे मन वेगळे उलगडून सांगायला नको.

आता घरातल्या ज्येष्ठांसाठी. नात जेवणाच्या वेळी घराबाहेर राहू लागली, उन्हाळ्यातही अंगावर शाल ओढू लागली, दिवसातून चार वेळा काट्यावर उभी राहू लागली, तर लक्ष घालावे. पाळी तीन महिने चुकली तर ‘वयाचा फेर’ म्हणून सोडू नये. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. हाडांची भरती साधारण पंचविशी-तिशीपर्यंतच होते आणि उपासमारीने पाळी थांबली की ती खुंटते. ज्यांनी साध्या घसरण्याने मनगट किंवा खुबा मोडून घेतला आहे, त्यांनी हे नातीला स्वतःच्या तोंडाने सांगावे. माझ्यापेक्षा त्यांचे ऐकले जाईल. आणि पाहुण्यांसमोर ‘किती बारीक झालीस, छान दिसतेस’ हे वाक्य आपण गिळावे.

त्या आजीबाईंच्या नातीचे गालही लालबुंद होते. गोरेपणासाठी मैत्रिणीने दिलेले मलम, त्यात स्टेरॉइड. अशा मलमांच्या पुडक्यावर बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी नाव असते. महिनोन्‌महिने लावल्यास कातडी पातळ होते, पुटकुळ्या आणि लव वाढते. असे मलम घरात सापडले तर ते फेकून देऊन एकदम बंद करू नये, चेहरा भडकतो. ट्यूब आणि खोके दोन्ही घेऊन डॉक्टरकडे यावे.