कारखान्याची अ‍ॅक्शन, कारागिराची अ‍ॅक्शन आणि न मोजलेली अचूकता

बेंगळुरूच्या एसएसएस डिफेन्स या कंपनीच्या .338 सेबर या स्वदेशी स्नायपर रायफलीची एका मित्रराष्ट्राला निर्यात झाल्याची बातमी 2024 साली आली, आणि तिच्याबरोबर एक शब्दही देशभर फिरला: ‘सब-एमओए’. एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. 100 मीटरवर सुमारे 29 मिलिमीटर, 1000 मीटरवर सुमारे 29 सेंटिमीटर. रायफलीच्या गोळ्या त्याहून लहान वर्तुळात पडतात, असा त्या शब्दाचा अर्थ. वाचकांना आनंद झाला आणि तो रास्तही होता. परंतु किती गोळ्या, किती वेळा आणि कोणत्या काडतुसाने, हे प्रश्न अशा बातम्यांखाली क्वचितच विचारले जातात. चर्चा घसरते ती भलत्याच वादाकडे: अ‍ॅक्शन कारखान्यातून आलेली आहे की खास घडवलेली?

हा वाद अमेरिकेतला आहे आणि तिथून तो जसाच्या तसा उचलला गेला आहे. अ‍ॅक्शन म्हणजे रायफलीचे हृदय: रिसीव्हर, त्यात सरकणारा बोल्ट, बोल्टला कुलूपबंद करणारे लग आणि चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन. नळी तिच्यापुढे आट्यांनी बसवली जाते, दस्ता खालून. रेमिंग्टन 700 सारखी कारखान्याची अ‍ॅक्शन काही शे डॉलरांत मिळते. केल्बी, बॅट, स्टिलर, डिफायन्स अशा निर्मात्यांच्या ‘कस्टम’ अ‍ॅक्शनसाठी बहुधा हजार डॉलरांच्या पुढे मोजावे लागतात. ‘अचूक रायफल हवी असेल तर कस्टम अ‍ॅक्शनला पर्याय नाही,’ हे वाक्य तिथल्या शौकिनांत जवळजवळ श्रद्धेसारखे म्हटले जाते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते तपासल्याशिवाय स्वीकारू नये, कारण त्यात एक सोपी चूक दडलेली आहे.

चूक बेरजेची आहे. गोळ्या विखुरण्याची कारणे अनेक असतात: नळीचा दर्जा, चेंबरची नळीशी समरेखता, काडतुसातील दारूचे वजन, गोळीचा समतोल, दस्त्याची पकड, वारा, नेमबाजाचा श्वास, आणि अ‍ॅक्शनही. ही कारणे परस्परांपासून स्वतंत्र असतील तर त्यांचे परिणाम सरळ बेरजेने मिसळत नाहीत, वर्गांच्या बेरजेने मिसळतात. नळी, काडतूस आणि नेमबाज यांचा एकत्रित वाटा 1 एमओए आणि अ‍ॅक्शनचा 0.2 एमओए मानला, तर एकूण विखुरणे 1.2 येत नाही, 1.04 चे वर्गमूळ, म्हणजे 1.02 येते. आता अ‍ॅक्शनचा दोष समूळ नाहीसा करा. हजार डॉलर खर्चून सुधारणा झाली दोन टक्क्यांची.

हेच गणित दुसऱ्या टोकाला पूर्ण उलटते. बेंचरेस्ट या स्पर्धाप्रकारात रायफल टेबलावरच्या आधारांवर ठेवून झाडली जाते, आणि 100 यार्डांवर विजयी सरासरी 0.2 इंचाच्या घरात असते. तिथे नळी, काडतूस आणि हात यांचा वाटाच 0.2 पर्यंत खाली आणलेला असतो. त्यात अ‍ॅक्शनने आणखी 0.2 घातले तर एकूण 0.28 होते, तो दोष काढला तर विखुरणे जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते. म्हणून बेंचरेस्टचा नेमबाज कस्टम अ‍ॅक्शन घेतो आणि बरोबर करतो. त्याचे पाहून शिकारी किंवा हौशी नेमबाज तीच घेतो, तेव्हा तो दुसऱ्याच्या आजारावरचे औषध स्वतः पीत असतो.

‘पण अ‍ॅक्शन बदलल्यावर ग्रुप प्रत्यक्ष लहान झाला,’ असे उत्तर यावर ठरलेले असते. सोबत कागदावरच्या तीन भोकांचे छायाचित्र असते. या छायाचित्राची किंमत काय, हे संख्याशास्त्र सांगते. गोळ्या सर्व दिशांना सारख्याच, सामान्य वितरणाने विखुरत असतील आणि प्रत्येक दिशेतले प्रमाण विचलन σ असेल, तर तीन गोळ्यांच्या ग्रुपचा सरासरी व्यास सुमारे 2.4σ भरतो, पाचांचा 3.07σ आणि दहांचा 3.8σ. म्हणजे तीन गोळ्यांत 0.8 एमओए देणारी रायफल दहा गोळ्यांत 1.27 देईल. रायफल तीच, नळी तीच, काडतूसही तेच. बदलली ती फक्त मोजणी. ‘सब-एमओए’ हे विशेषण सात जादा गोळ्यांत गळून पडते.

याहून वाईट गोष्ट म्हणजे तीन गोळ्यांच्या ग्रुपचा व्यास दर वेळी आपल्या सरासरीभोवती सुमारे 37 टक्क्यांनी हेलकावतो, पाचांचा 27 टक्क्यांनी. सरासरी 1 एमओए देणाऱ्या रायफलीने तीन-तीन गोळ्यांचे दहा ग्रुप झाडले, तर त्यांतला सर्वांत चांगला निम्म्याच्या आसपास येणे हे अगदी स्वाभाविक आहे. छायाचित्र त्याचेच निघते. दोन अ‍ॅक्शनमधला खरा फरक दहा टक्के असेल आणि तो पाच-पाच गोळ्यांच्या ग्रुपांनी, दोन प्रमाण त्रुटींच्या खात्रीने दाखवायचा असेल, तर प्रत्येकीसाठी सुमारे 58 ग्रुप लागतात, म्हणजे 290 गोळ्या. दोन्ही मिळून 580. इतक्या गोळ्या झाडता झाडता नळी झिजते आणि मोजायची वस्तूच हातातून निसटते. वर सांगितलेला दोन टक्क्यांचा फरक तर सामान्य माणसाच्या आयुष्यात सिद्ध होणे कठीण. तरीही तो ‘जाणवतो’ असे हजारो लोक सांगतात. जाणवतो तो बोल्टचा गुळगुळीतपणा, आणि तो खरा असतो. पण बोल्ट मऊ सरकला म्हणून गोळी सरळ जात नाही.

आता कारखान्याच्या बाजूचा पुरावा पाहावा. रेमिंग्टन 700 ही 1962 साली बाजारात आली. तिचा अभिकल्पक माइक वॉकर स्वतः बेंचरेस्टचा नेमबाज होता. तिचा रिसीव्हर गोल सळईपासून लेथवर कातला जातो; धक्का झेलणारा लग ही नळी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये दाबली जाणारी एक जाड चकती आहे. स्वस्त, सोपी आणि सममित रचना. तिच्यात दोष असतात, यात शंका नाही: आटे बोल्टच्या अक्षाशी किंचित तिरके, रिसीव्हरचे तोंड पूर्ण काटकोनात नाही, दोन लगांपैकी एकच नीट टेकलेला. .308 विंचेस्टर काडतुसाचा कमाल दाब सुमारे 427 मेगापास्कल असतो आणि बोल्टवर पडणारा भार चार टनांच्या आसपास जातो. तो एकाच लगाने झेलला तर बोल्ट दर वेळी एका अंगाला वाकतो. म्हणून कारागीर रिसीव्हर लेथवर चढवून आटे, तोंड आणि लग यांचे पृष्ठभाग हलके कातून एका अक्षात आणतात. या कामाचे पैसे धरले की कारखान्याची अ‍ॅक्शन कस्टमच्या किमतीजवळ पोहोचते, हा कस्टमवाल्यांचा मुद्दा व्यवहारात खरा आहे. मात्र तो किमतीचा मुद्दा आहे; अचूकतेचा पुरावा म्हणून तो पुढे करता येत नाही.

अमेरिकी मरीन दलाची एम40ए1 रायफल क्वांटिकोच्या कारागिरांनी बांधली तेव्हा त्यांनी नळी नवी घातली, दस्ता फायबरग्लासचा घातला आणि अ‍ॅक्शन ठेवली रेमिंग्टन 700 ची. अमेरिकी लष्कराने 1988 मध्ये स्वीकारलेली एम24 हीदेखील त्याच अ‍ॅक्शनवर उभी होती. ज्यांच्यासाठी चुकलेली गोळी म्हणजे स्पर्धेतला गुण नव्हे, त्यांनी पैसा कुठे खर्च केला हे पाहण्यासारखे आहे.

या वादातली नावेच मुळात उलटी पडली आहेत. सुट्या भागांची अदलाबदल करता यावी, कोणताही भाग कोणत्याही बंदुकीत बसावा, हे कारखान्याचे मूळ स्वप्न. पॅरिसमध्ये ऑनोरे ब्लां याने तसे बनवलेले बंदुकीचे भाग थॉमस जेफर्सनने पाहिले आणि 1785 मध्ये मायदेशी पत्राने कळवले. आज ‘कारागिराची’ म्हणून विकली जाणारी अ‍ॅक्शन संगणकचलित यंत्रावर आणि तारेच्या विद्युत-कर्तनाने इतकी एकसारखी काढली जाते, की तिच्यासाठी नळी आधीच कातून, चेंबर घालून ठेवता येते. पेटी उघडावी, नळी फिरवून बसवावी, ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेजने खात्री करावी. उलट, साध्या कारखान्याच्या रिसीव्हरला नळी बसवायची तर बहुधा कारागीरच लागतो, कारण प्रत्येकाचे माप थोडे निराळे. म्हणजे कारखाना आपले स्वप्न विसरला आणि छोट्या निर्मात्याने ते पुरे केले. कस्टम अ‍ॅक्शन घेण्याचे हे भक्कम कारण आहे, शंभर मीटरवरचे ते छायाचित्र नव्हे.

आणि दोष लहान करणे हा एकच मार्ग आहे असेही नाही. दोषाचा परिणाम होऊ न देणारी रचना करणे, हा दुसरा मार्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला चांगला ओळखीचा असतो. सॅव्हेज 110 ही 1958 ची स्वस्त रायफल घ्या. तिच्या बोल्टचे डोके वेगळे आणि किंचित सैल असते, त्यामुळे भार आल्यावर दोन्ही लग आपोआप टेकतात. नळी एका नटाने घट्ट होते, म्हणून हेडस्पेस गेज ठेवून जुळवता येतो. अचूक कातकाम महाग, म्हणून अभिकल्पकाने डोके चालवले. सॅव्हेजची चेष्टा करणारे शौकीन या हुशारीकडे सहसा पाहत नाहीत.

भारतात दशकानुदशके पोलिसांच्या खांद्यावर दिसलेली थ्री-नॉट-थ्री तर या श्रद्धेची थट्टाच करते. ली-एनफिल्डचे लग बोल्टच्या मागच्या टोकाला, त्यामुळे झाडताना अ‍ॅक्शन लवचिकपणे ताणली जाते. कस्टम पंथाच्या दृष्टीने हे पातकच. पण लांब पल्ल्यावर याच लवचिकतेचा फायदा होतो, असे ब्रिटिश नेमबाजांना आढळले होते: नळी कंप पावताना मंद गोळी किंचित उशिरा आणि किंचित वरच्या कोनातून सुटते, आणि वेगातला फरक काही अंशी भरून निघतो. इशापूरच्या कारखान्यात हीच रचना 1960 च्या दशकात 7.62 मिलिमीटरसाठी पुन्हा घडवली गेली. ती रायफल अचूकतेची मूर्ती होती असे कुणी म्हणणार नाही. ‘ताठ तेवढे अचूक’ हा नियम मात्र तिच्यापुढे टिकत नाही.

भारतीय लष्कराने द्रागुनोव्हच्या जागी नियंत्रण रेषेवर आणलेली फिनलंडची साको टीआरजी-42 हीदेखील कारखान्यातूनच आलेली आहे. तिची अ‍ॅक्शन कुणा एकट्या कारागिराने घडवलेली नाही. शिस्तीच्या कारखान्याने घडवली आहे. स्वदेशी रायफलीबद्दलचा खरा प्रश्न म्हणूनच अ‍ॅक्शनच्या कुळाचा नाही. नळीचा दर्जा शंभराव्या रायफलीत पहिल्यासारखाच राहतो का, आणि काडतुसाच्या एका घाण्यातून दुसऱ्या घाण्यात वेग किती बदलतो, हे प्रश्न आहेत. या दोन्हींवर बातम्यांत क्वचितच एखादी ओळ येते.

नेमबाजांना हे उमगलेले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्या लक्ष्यफलकावर दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे असते, म्हणजे 50 मीटरवरून सुमारे 0.7 एमओए. या स्तरावरचे नेमबाज .22 च्या काडतुसांचे निरनिराळे घाणे आपल्याच नळीतून झाडून पाहतात आणि नळीला मानवणारा घाणा उचलतात. मोठ्या काडतूस-उत्पादकांनी त्यासाठी चाचणीची स्वतंत्र केंद्रे ठेवली आहेत. तिथे ग्रुप तीन गोळ्यांवर ठरत नाही.

शस्त्रखरेदीत गुप्तता लागते, हा आक्षेप येईल. रायफलींची संख्या गुप्त ठेवावी, त्या कुठे तैनात आहेत हे गुप्त ठेवावे. पण जो उत्पादक ‘सब-एमओए’ हा शब्द जाहिरातीत स्वतःहून छापतो, त्याला ग्रुपमागे गोळ्या किती, ग्रुप किती, सरासरी किती आणि काडतूस कोणते, हे चार आकडे छापण्यात कसली अडचण? आणि जे विज्ञानवाचक औषधाच्या चाचणीत रुग्ण किती होते हे विचारल्याशिवाय राहत नाहीत, त्यांनी रायफलीच्या बातमीत तीन भोकांवर समाधान का मानावे? सीमेवरच्या जवानाच्या हाती तीच रायफल येते, आणि तिथे दहावी गोळीही मोजली जाते.