खोली घेताना ‘इंटरनेट चालतं का?’ असं विचारणं पाप नाही



यात्रेसाठी खोली ठरवताना मी तीन गोष्टी विचारते. तळमजल्यावर खोली मिळेल का, कारण सासूबाईंचे गुडघे. सूर्यास्ताआधी जेवण आटोपेल का. आणि तिसरी, खोलीत इंटरनेट चालतं का. पहिल्या दोन प्रश्नांना फोनवरचे दादा अगदी आपुलकीने उत्तर देतात. ‘काकूंना लिफ्टजवळची देऊ, काळजी करू नका.’ तिसऱ्या प्रश्नाला आवाजच बदलतो. एका क्षेत्राच्या कार्यालयातून मला मिळालेलं उत्तर सांगते: ‘ताई, यात्रेला येताय की मोबाईल बघायला?’

हा टोमणा आता इतका पाठ झालाय की महिला मंडळातही कुणी वायफायचं नाव काढलं की चार जणी तेच वाक्य म्हणतात, आणि जिला खरंच गरज आहे ती गप्प बसते. तिच्यासाठी हा लेख.

आमच्याच घरातलं सांगते. सासूबाईंना शिखरजीची वंदना करायची होती. वय शहात्तर. चोवीसपैकी वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले तो पहाड एकदा बघून डोळे मिटावेत, एवढंच मागणं. पण घरातून कोण नेणार? मोठ्या दिरांचं दुकान, दिवाळीनंतर लग्नसराई. आमच्याकडे ऊसतोड सुरू झालेली, टोळी कधी रानात येईल त्याचा नेम नाही. माझ्या मुलीची दहावी. राहिली जाऊबाई, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. ती म्हणाली, मी नेते. कोल्हापूरहून त्या बाजूला धनबादपर्यंत जाणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच सुटते, आणि नुसतं पोचायलाच दोन दिवस लागतात. म्हणजे जाऊन येऊन आठवड्याच्या वर. एवढी सलग रजा तिला मिळेना. शेवटी साहेबांशी तिने ठरवून घेतलं, मुक्कामाच्या दिवशी दुपारी दोन तास कामाला बसेन, बाकी रजा. त्या दोन तासांवर सासूबाईंची अख्खी यात्रा उभी होती.

धर्मशाळेला फोन करून विचारलं होतं. ‘हो, वायफाय आहे,’ म्हणाले. होतंच. फक्त ते कार्यालयात होतं, आणि कार्यालय संध्याकाळी सहाला बंद. खोलीत रेंजचा एक दांडा यायचा आणि जायचा. जाऊबाई कार्यालयाच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसली, तर मुनीमजींनी तिला दोनदा उठवलं. येणाऱ्याजाणाऱ्यांनी ‘बघा, तीर्थावर येऊनसुद्धा’ अशा नजरेने पाहिलं ते वेगळंच. ज्या बाईने पहाटे अडीचला सासूला उठवून, गरम कपडे चढवून, डोलीवाल्यांशी भाव ठरवून, डोलीबरोबर स्वतः सत्तावीस किलोमीटर चालून वंदना केली, ती बाई पायरीवर बसून ‘मोबाईल बघत’ होती म्हणे.

मला राग येतो तो इथे. इंटरनेट नसण्याचा नाही. नसेल तर नसेल, पहाडाच्या पायथ्याला काय काय मिळावं याचा माझाही हट्ट नाही. राग येतो तो गरजेला चैन म्हणण्याचा.

आणि चैन असेल तर सगळ्यांसाठीच असू दे की. आज बहुतेक क्षेत्रांवर काउंटरला दानासाठी क्यूआर कोड चिकटवलेला असतो. अभिषेकाची बोली झाली की ‘ताई, गुगल पे करा.’ खोलीची आगाऊ रक्कम ऑनलाइन. पावती व्हॉट्सअ‍ॅपवर. सकाळचा अभिषेक यूट्यूबवर थेट. हे सगळं चांगलंच आहे, माझ्या आईला घरबसल्या दर्शन होतं. पण मग दान देताना मोबाईलला रेंज हवी आणि दान देऊन खोलीत गेल्यावर नको, हा कुठला न्याय?

सन २०२३ च्या जानेवारीतली गोष्ट आठवा. शिखरजी पर्यटनस्थळ होऊ नये म्हणून देशभर आपला समाज रस्त्यावर उतरला होता. पाच जानेवारीला केंद्राने २०१९ च्या अधिसूचनेतल्या पर्यटनाच्या तरतुदींना स्थगिती दिली. मोर्चा कुठून निघणार, किती वाजता, कोणते कपडे घालायचे, हे सगळं आपल्याला कशावर कळलं? गावच्या दवंडीवर नाही. तीर्थ वाचवायला जे चाललं, ते तीर्थावर आलेल्या सुनेला चालत नाही.

विरोध करणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. ते म्हणतात, वायफाय दिलं की पोरं रात्रभर रील बघतील, शेजारच्या खोलीतल्या आज्जींचं सामायिक मोडेल, क्षेत्राचं हॉटेल होईल. या भीतीत तथ्य आहे. पूजेत जयमाला चालू असताना कुणाच्या खिशातून सिनेमाचं गाणं वाजलं की माझ्याही कपाळाला आठी पडते. टीव्ही तर खोलीत नकोच. पण आपल्याकडे याचा विचार आधीच झालेला आहे, आणि कुठल्याही कमिटीच्या ठरावापेक्षा बारकाईने झालेला आहे. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडव्रत आहे. अनर्थ म्हणजे प्रयोजनाशिवाय. कारण नसताना केलेली पापाची प्रवृत्ती सोडा, असं ते व्रत सांगतं. त्याच्या पाच प्रकारांत दुःश्रुती आहे, मन मलिन करणारं ऐकत बसणं. प्रमादचर्या आहे, उगाच काहीतरी करत राहणं. आता रात्री अकराला अंथरुणात पडून अंगठ्याने एकामागून एक व्हिडिओ सरकवणं हे दुःश्रुती आणि प्रमादचर्या दोन्हीत चपखल बसतं. पण घरी ठेवून आलेल्या वडिलांच्या साखरेचा आकडा भावाला विचारणं, किंवा ठरलेल्या दोन तासांत पोटापाण्याचं काम करणं, याला अनर्थ म्हणायचं कसं? त्याला अर्थ आहे. व्रतानेच रेघ ओढून दिली आहे, ती प्रयोजनावर ओढली आहे. वस्तूवर नाही. सुरीने भाजी चिरतात म्हणून आपण स्वयंपाकघरातून सुरी काढून टाकत नाही.

आणखी एक. ‘यात्रेत घर विसरा’ असं सांगणारे बहुतेक पुरुष असतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. त्यांना घर विसरता येतं, कारण घर सांभाळायला मागे कुणीतरी असतं. ती कुणीतरी स्वतः यात्रेला निघाली की घर तिच्याबरोबर फोनमधून निघतं. गॅसचा नंबर लावायचा राहिला, धाकट्याच्या शाळेतून निरोप आला, कामवाली आली नाही. हे तिला आवडतं म्हणून नाही. तिने फोन बंद केला तर पुढच्या वर्षी तिला कुणी सोडणार नाही, म्हणून. दिवसातून दोनदा घरी व्हिडिओ कॉल लागला तर ती उरलेला दिवस निश्चिंत मनाने वंदना करते. नाही लागला तर शांतिधारेच्या वेळीही तिचं चित्त दाराबाहेर. मनाच्या स्थैर्यासाठी कोणतं बरं, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही दोन शब्द सुनावायचे आहेत, नाहीतर तुम्हाला वाटेल मी वायफायची एजंट झाले.

ओळखीतलं एक कुटुंब श्रवणबेळगोळला गेलं. तिथे राहायची सोय असताना हासनला हॉटेल घेतलं, जवळपास पन्नास किलोमीटर लांब, का तर तिथे ‘हायस्पीड वायफाय’ लिहिलेलं. सकाळी नाश्ता, आवराआवर, गाडी, करता करता विंध्यगिरीच्या पायथ्याला पोचायला अकरा वाजले. आता तो डोंगर म्हणजे उघडा कातळ, सहाशेच्या वर पायऱ्या, आणि चढायचं अनवाणी. अकरा वाजता तो दगड तव्यासारखा तापतो. मुलं निम्म्यातून रडत परतली. ५७ फुटी बाहुबलींचं दर्शन राहिलं आणि हॉटेलचं वायफाय मात्र उत्तम होतं म्हणे. तीर्थावर पहाटे चार वाजता तुमच्या खोलीपासून पायथा किती पावलांवर आहे, हे इंटरनेटच्या आधी बघायचं असतं. म्हणून तर माझा तो प्रश्न तिसरा आहे, पहिला नाही.

आणि तो विचारायचाही नीट असतो. ‘वायफाय आहे का?’ या प्रश्नाला ‘आहे’ हे उत्तर नेहमीच खरं असतं आणि बऱ्याचदा निरुपयोगी. कुठे आहे? खोलीत की फक्त कार्यालयात? जुन्या धर्मशाळांच्या भिंती दगडी, दीड-दोन फूट जाड. राउटरची लहर तशा दोन भिंती ओलांडेपर्यंत थकते, त्यातही पाच गिगाहर्ट्झची जास्त, जरी ती वेगवान म्हणून मिरवत असली तरी. मग राउटर किती आणि खोल्या किती? अष्टान्हिकेत शंभर खोल्या भरल्यावर एकाच जोडणीवर सगळे तुटून पडतात. वीज गेली तर राउटरला बॅटरी आहे का? पासवर्ड मिळतो की मोबाईलवर ओटीपी येतो? परदेशातून आलेल्या लेकीच्या तिकडच्या नंबरावर तो ओटीपी बऱ्याचदा येतच नाही, ती बिचारी वायफायखाली बसून कोरडीच.

खरं तर बहुतेकींना वायफाय लागतच नाही, लागते ती रेंज. म्हणून मी हल्ली सरळ विचारते, ‘तुमच्या इमारतीत आत कोणत्या कंपनीचं नेटवर्क धरतं?’ हे तिथल्या भोजनशाळेतल्या मावशीसुद्धा अचूक सांगतात. मग त्या कंपनीचं दुसरं सिम, साधा महिन्याचा रिचार्ज, पर्समध्ये टाकायचं. पण ऑफिसचं काम असेल तर हिशोब करा. रोजच्या प्रीपेड पॅकमध्ये साधारण दीड-दोन जीबी मिळतं, आणि व्हिडिओ चालू ठेवून तासभर मीटिंग केली की त्यातलं एखादा जीबी गेलंच समजा. ते संपलं की वेग इतका उतरतो की साधा फोटो जात नाही. व्हिडिओ बंद, नुसता आवाज, एवढ्यावर ऑफिसची तयारी असेल तर निभतं. हे निघण्याआधी साहेबांशी बोलून ठेवायचं, पायरीवर बसल्यावर नाही.

क्षेत्रांच्या कमिट्यांकडे माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक खोलीत जोडणी द्या असं मी म्हणत नाही, तो पैसा आधी गरम पाण्यावर आणि स्वच्छतागृहांवर खर्च करा. एक खोली द्या. वाचनालय असतंच बहुतेक ठिकाणी, ग्रंथांची कपाटं कुलपात आणि टेबलं रिकामी. तिथे एक राउटर, चार प्लग, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, बाहेर पाटी: मोठ्याने बोलू नये, करमणुकीसाठी वापरू नये. रात्री बंद करा, माझी काही तक्रार नाही. मंदिराच्या आवारात मोबाईल पेटीत ठेवायला लावा, मी पहिली ठेवीन. फक्त जे आहे ते फोनवर खरं सांगा. ‘नाही’ हे उत्तर चालतं, त्यावर आम्ही आमची सोय करू शकतो. ‘आहे’ म्हणून पायरीवरून उठवणं चालत नाही.

तरुण मुली, नव्या सुना यात्रेला येत नाहीत, अशी खंत प्रत्येक वार्षिक सभेत व्यक्त होते. दोन-चार भाषणं होतात संस्कारांवर. त्यांच्या रजेचा हिशोब मात्र कुणी विचारत नाही. आमच्या गावात निदान सहा मुली अशा आहेत ज्या कामाची सोय झाली तर आजीला घेऊन उद्या निघतील.

येत्या कार्तिकात आम्ही अकरा जणी निघतोय. त्यातल्या तिघींना दुपारी काम आहे, एकीची आई घरी अंथरुणाला खिळलेली. खोल्यांसाठी पत्र पाठवलंय, त्यात गरम पाणी, जेवणाची वेळ आणि त्याच्याखाली इंटरनेट, तिन्ही स्वच्छ अक्षरात लिहिलंय. कार्यालयातून उलट फोन आला होता, तळमजल्यावरच्या चार खोल्या नक्की झाल्या. तिसऱ्या मुद्द्याचं ‘मॅनेजर साहेबांना विचारून सांगतो’ म्हणाले. सोमवारी मी परत फोन करणार आहे.