पाइप भरला, पंप कोरडा

मंडळी, या वीकेंडला जरा तेलात हात घालतोय.

पाइपलाइनमधून वाहिलेल्या तेलाचा आकडा वाढला, की देश पुढे गेल्याच्या बातम्या येतात. एकट्या इंडियन ऑइलच्या वाहिन्यांतून २०१९-२० मध्ये सुमारे ८.५ कोटी टन तेल (कच्चं आणि तयार मिळून) गेलं. लॉकडाऊनच्या २०२०-२१ मध्ये ते ७.६ कोटींवर आलं आणि २०२२-२३ मध्ये ९.५ कोटींच्या आसपास पोचलं. छानच आहे. वॅगन आणि टँकरपेक्षा पाइप स्वस्त नि सुरक्षित, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो या आकड्यावर खूश होऊन बसण्याशी.

नकाशा उघडा. मुंबईच्या रिफायनरीतून एक वाहिनी मनमाडजवळ पानेवाडीला येते आणि उत्तरेला वळून, मांगल्यामार्गे, दिल्लीजवळ बिजवासनला जाते. दुसरी पुण्यावरून सोलापूरला. आमचं सुलतानपूर (मेहकरवरून लोणारला जाताना लागतं ते) दोन्हींपासून लांब. इथलं डिझेल शेवटी टँकरनेच येणार.

आता जानेवारी २०२४ आठवा. हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या. पाइप शाबूत होता, तरी राज्यभर पंपांवर रांगा लागल्या, कित्येक पंप कोरडे पडले. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकबोन धडधाकट आणि लास्ट माइल डाउन! अशा वेळी थ्रूपुटचा ग्राफ दाखवला, तर कुठला क्लायंट ऐकून घेईल?

"पण तिकडे तेवढी मागणी कुठंय?" हा ठरलेला प्रश्न. अहो, समृद्धी महामार्गालगत आमच्याच जिल्ह्यातून मुंबई-नागपूर गॅसवाहिनी टाकायचं गेलने ठरवलंच ना? तेव्हा मागणीचा हिशोब आडवा आला नाही. बरं, तेलाचा पाइप परवडत नाही म्हणता? मग जिल्ह्यात साठा तरी ठेवा. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला, तर वाफसा थांबत नाही. शहरात रांग लागली की आपण वर्क फ्रॉम होम टाकतो. शेतकऱ्याने कुठून लॉगिन करायचं?

म्हणून टनांचा ग्राफ जरूर छापा, पण त्याच्या शेजारी एक साधा कॉलम द्या: टँकर थांबले, तर कुठल्या जिल्ह्यात किती दिवसांचं डिझेल आहे? तो आकडा वाढला, की मीही टाळ्या वाजवीन.