घरचा फिल्टर पुरेसा नाही

नळाला गढूळ पाणी येऊ लागले म्हणजे ज्याची ऐपत असते तो घरात फिल्टर बसवतो. ज्याची नसते तो तेच पाणी पितो. नगरपालिकेला जाब विचारण्याचे काम मात्र मागे पडते, कारण ज्यांचा आवाज तेथवर पोहोचला असता त्यांचा प्रश्न सुटलेला असतो. इंटरनेटवरील जाहिराती आणि त्यांच्या आडून चालणारी पाळत यांबाबत आज हेच घडू लागले आहे.

घरातील सर्व यंत्रांसाठी एकच गाळणी बसवण्याचा उपाय आता बऱ्याच सुशिक्षित घरांत पोहोचला आहे. त्याचे तत्त्व सोपे आहे. कोणतेही संकेतस्थळ उघडताना आपले यंत्र प्रथम त्या नावाचा अंकी पत्ता विचारते. या पत्तापुस्तकाला डीएनएस म्हणतात. एका पानाच्या निमित्ताने असे अनेक पत्ते विचारले जातात आणि त्यांतील कित्येक जाहिरातदारांचे व माग काढणाऱ्यांचे असतात. ‘पाय-होल’सारखी विनामूल्य आज्ञावली तळहातावर मावणाऱ्या संगणकावर बसवावी आणि घरच्या राउटरने सारी विचारणा तिच्याकडे पाठवावी, की असे पत्ते दिलेच जात नाहीत. जाहिरात येत नाही आणि आपली माहितीही त्या वाटेने जात नाही. फोन आणि दूरचित्रवाणी संच या दोहोंना हे संरक्षण एकदमच मिळते.

दूरचित्रवाणी संचाचा उल्लेख सहेतुक केला आहे. अमेरिकेतील व्हिझिओ या कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख संचांतून, प्रेक्षकांच्या संमतीवाचून, ते काय पाहतात याची क्षणाक्षणाची माहिती गोळा केल्याचा आरोप तेथील व्यापार आयोगाने ठेवला होता. २०१७ साली २२ लाख डॉलर भरून कंपनीने ते प्रकरण मिटवले. आपण पैसे मोजून घरात आणलेली वस्तूच आपल्यावर नजर ठेवते, हा त्याचा अर्थ.

तेव्हा हा उपाय न्याय्य स्वसंरक्षणच आहे. शिवाय अडवायच्या नावांच्या याद्या जगभरचे स्वयंसेवक विनामोबदला अद्ययावत ठेवतात. नफ्याच्या प्रेरणेवाचून उपयुक्त काम होत नाही, असे सांगणाऱ्यांनी या सहकाराकडे अवश्य पाहावे.

तथापि त्याच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. यूट्यूबप्रमाणे जेथे जाहिरात आणि मजकूर एकाच ठिकाणाहून येतात, तेथे ही गाळणी निष्प्रभ ठरते. काही यंत्रे आपले पत्तापुस्तक आपणच बरोबर आणतात. पण खरी मर्यादा तांत्रिक नसून वर्गीय आहे. २०२४ अखेर देशात तारेच्या ब्रॉडबँड जोडण्या सुमारे ४ कोटी होत्या, तर बिनतारी ग्राहक ९० कोटींच्या आसपास. एका जोडणीमागे पाच माणसे धरली तरी बहुसंख्य जनता या भिंतीबाहेरच राहते. रिक्षाचालक, घरकामगार, ऊसतोड मजूर यांचे इंटरनेट म्हणजे रिचार्ज केलेला मोबाइल. त्यावर येणाऱ्या जाहिरातीचा डेटासुद्धा त्यांच्याच पैशांतून खर्च होतो.

‘सेवा फुकट हवी, तर जाहिराती पाहाव्याच लागतील,’ असे सांगितले जाते. अर्थशास्त्रात फुकट असे काही नसते. गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिच्या २०२४ मधील सुमारे ३५० अब्ज डॉलर उत्पन्नापैकी तीन-चतुर्थांश वाटा जाहिरातींचा होता. हा पैसा अखेर वस्तूंच्या किमतीतून ग्राहकच भरतो. लहान वृत्तपत्रांचे काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की छापील अंकातली जाहिरात कोणी वाचली याची नोंद ठेवत नाही, तरीही वृत्तपत्रे चालत आली. आक्षेप जाहिरातीला नाही. तो पाळतीला आहे.

आणि पाळत केवळ कंपन्याच ठेवतात असे नव्हे. घरातील कोणी कोणते संकेतस्थळ उघडले याची नोंदवही ही गाळणीही ठेवू शकते. ती कर्त्या पुरुषाच्या हाती पडली, तर पत्नीवर आणि मुलीवर पहारा ठेवण्याचे नवे साधन त्याला मिळते. आपल्या कार्यकर्त्यांनी ही व्यवस्था बसवावी, पण घरातील सर्वांना सांगून, आणि नोंदवही बंद ठेवून.

खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले. त्यातही कंपन्यांवरील मुख्य बंधनांना अठरा महिन्यांची सवलत मिळाली. माहितीच्या अधिकाराला कात्री लावणारे कलम मात्र तत्काळ लागू झाले. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा सरकारने स्वतःकडेच ठेवली आहे. याच कायद्यात मुलांचा माग काढण्यास व त्यांना हेरून जाहिरात करण्यास मनाई आहे. जे मुलांना घातक, ते अठराव्या वाढदिवशी निर्धोक कसे होते? प्रौढांच्या बाबतीत एका बटणावरच्या ‘संमती’ने सारे क्षम्य ठरते. कामगाराने उपासमारीपोटी मान्य केलेल्या वेतनाला आपण मुक्त करार मानत नाही. मग पर्याय नसताना दाबलेल्या बटणाला संमती का मानावी?

म्हणून मागणी स्पष्ट हवी : मुलांना दिलेले संरक्षण सर्व नागरिकांना मिळावे, सरकारची सूट रद्द व्हावी आणि माहितीच्या अधिकारातील कपात मागे घ्यावी. हे अशक्य नाही. २०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक नागरिकांनी दूरसंचार नियामकाला पत्रे धाडली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये डेटाच्या भेदभावी दरांना बंदी घालणारा आदेश निघाला. फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ला देशातून गाशा गुंडाळावा लागला. तो विजय कोणा एकाच्या घरातील यंत्राने मिळवलेला नव्हता. घरोघरी फिल्टर जरूर बसवावेत. पण लढा नळाच्या पाण्यासाठी द्यावयाचा आहे.