पोरं गेम खेळतात, फसतात मोठी माणसं

शूटिंग गेमवर बंदी घाला, अशा मागणीचं निवेदन गेल्या आठवड्यात आपल्या तहसील कार्यालयात देण्यात आलं. फोटो, प्रेसनोट, खाली पंधरा-वीस नावं, सगळं नेहमीप्रमाणे. बातमी मी लावली. पण त्यातला एक मुद्दा डोक्यातून जाईना. 'हुबेहूब खऱ्या युद्धासारख्या' गेममुळे मुलं बिघडतायत, असं त्यात लिहिलं होतं. आणि उदाहरण कुठलं? पबजी आणि फ्री फायर.

आता ज्यांनी हे दोन गेम एकदा तरी पाहिलेत त्यांना हसू येईल. पबजीत पाठीला लटकवलेला तवा बंदुकीची गोळी अडवतो. होय, चपात्या भाजायचा असतो तसला तवा. फ्री फायरमध्ये रंगीबेरंगी केसांची, चित्रविचित्र कपड्यांची पात्रं पळत असतात आणि एक बटण दाबलं की समोर क्षणात भिंत उभी राहते. याला हुबेहूब युद्ध म्हणायचं तर गावजत्रेतला दशावतार म्हणजे इतिहासाचा पुरावा म्हणावा लागेल.

निवेदन देणाऱ्यांची काळजी खोटी नाही. घरात पोरगं मान खाली घालून तीन-तीन तास बसलं तर कुणाचाही जीव खालीवर होतो. पण रोग एक आणि औषध दुसऱ्याचं, असं झालंय. म्हणून हा पसारा.

मुळात युद्धाचे हे गेम दोन जातीचे असतात. एक वेगवान आणि दुसरे वास्तवाला धरून चालणारे. इंटरनेटवरून एकाच वेळी अनेक जण खेळतात एवढं सोडलं तर दोघांत साम्य कमीच.

वेगवान म्हणजे कॉल ऑफ ड्यूटी घ्या. मोबाईलवर पाच विरुद्ध पाच. पळायचं, घसरायचं, उडी मारता मारता गोळी घालायची. मेलात? काही सेकंदांत पुन्हा जिवंत. फ्री फायरमध्ये पन्नास जण उतरतात आणि दहाएक मिनिटांत डाव संपतो. पबजीत शंभर जण पॅराशूटने उतरतात, वर्तुळ लहान होत जातं, शेवटी उरेल तो जिंकला. यात युद्ध फक्त कपड्यापुरतं. आतला गाभा आपल्या कबड्डीचा किंवा आट्यापाट्यांचा आहे. बाद झालेला गडी आपल्या संघाने गुण मिळवला की परत मैदानात येतो, त्याला आपण मरण म्हणत नाही. पोरंही म्हणत नाहीत. त्यांच्यासाठी ती चपळाई आहे, नजर आहे आणि मित्रांसमोरची शान आहे.

दुसरी जात वेगळी. चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरअॅक्टिव्ह या कंपनीचा आर्मा हा गेम त्यातला सगळ्यात नावाजलेला. तिसरा भाग 2013 साली आला. यात तुम्ही वीस मिनिटं नुसते चालता. डोंगर चढलात की दम लागतो, दम लागला की हात हलतो, हात हलला की नेम चुकतो. लांबवर मारलेली गोळी वाटेत खाली झुकते. आणि कुठून आली ते कळायच्या आत एका गोळीत खेळ खल्लास. स्क्वॉड नावाचा असाच आणखी एक गेम आहे. पन्नास विरुद्ध पन्नास, नऊ-नऊ जणांच्या तुकड्या. माईकवर बोलल्याशिवाय तिथं काही होत नाही. कुणीतरी अख्खा डाव नुसता दारूगोळ्याचा ट्रक चालवत बसतो आणि त्यातच त्याला समाधान असतं. फौजेत अर्धं काम सामान पोचवण्याचं असतं हे या गेममधल्या पोरांना कळतं, टीव्हीवर मिशा पिळून युद्धचर्चा करणाऱ्यांना कळत नाही.

या वास्तवाच्या हट्टाचे किस्सेही भारी आहेत. आर्मातलं बेट ग्रीसच्या लेम्नॉस बेटावरून बेतलंय. 2012 च्या सप्टेंबरमध्ये कंपनीचे दोन कर्मचारी तिथं गेले आणि लष्करी ठिकाणांचे फोटो काढले या आरोपावरून हेरगिरीच्या संशयात पकडले गेले. चार महिने तुरुंगात काढल्यावर जामीन मिळाला. वॉर थंडर नावाच्या रणगाड्यांच्या गेममध्ये तर 2021 साली एका खेळाडूने 'तुमचा ब्रिटिश रणगाडा चुकीचा दाखवलाय' हे सिद्ध करायला चक्क गोपनीय लष्करी कागद टाकले. वाद जिंकायला माणूस काय करेल, सांगता येत नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावरून होतं, तिकडे रणगाड्यावरून.

गंमत म्हणजे पबजीचं मूळही आर्मातच आहे. ब्रेंडन ग्रीन या आयर्लंडच्या माणसाने आर्माच्या दुसऱ्या भागात फेरफार करून 'शेवटी उरेल तो जिंकला' हा खेळ रचला, त्यातूनच पुढे पबजी झाला. म्हणजे दोन्ही घराण्यांची आजी एकच. एक नातू सैन्यात गेला, दुसरा ऑर्केस्ट्रात.

आपल्याकडे दुसऱ्या जातीचे गेम फार कुणी खेळत नाही. त्याला चांगल्या ग्राफिक कार्डाचा कॉम्प्युटर लागतो आणि आपल्या पोरांकडे बारा-पंधरा हजारांचा मोबाईल असतो. पुण्यात इंजिनीअरिंगला गेलेली काही पोरं खेळतात, सुट्टीला आली की सांगतात. त्यांच्यातल्याच एकाच्या लॅपटॉपवर मी आमच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदारांना दोन्ही प्रकार दाखवले. कॉल ऑफ ड्यूटी पाहून ते हसले, सर्कस बघावी तसं. आर्मा मात्र शांतपणे बघत बसले. मग म्हणाले, चालायची पद्धत बरोबर आहे, अंतर ठेवून चालतायत. पण पायात ओले मोजे नाहीत, डोळ्यावर झोप नाही आणि रेशन संपलेलं नाही. एवढं बोलून चहा मागितला.

हिंसेचं म्हणाल तर अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही मानसशास्त्रज्ञांची मोठी संघटना आहे. तिने 2020 साली पुन्हा स्पष्ट केलं की हिंसक गेममुळे माणसं प्रत्यक्ष हिंसाचार करतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आरडाओरडा, ढकलाढकली असल्या किरकोळ आक्रमकपणाशी थोडा संबंध दिसतो. तो आपण घरात बघतोच. चार्जिंग संपलं की चिडतात.

आपल्याकडच्या बंदीचा इतिहासही बघा. 2 सप्टेंबर 2020 रोजी 118 अॅपसोबत पबजी गेला. 14 फेब्रुवारी 2022 ला 54 अॅपसोबत फ्री फायर गेला. कारण चीनशी असलेला संबंध, लोकांची माहिती आणि देशाची सुरक्षा हे होतं, हिंसा नव्हे. पुढे काय झालं? पबजी बीजीएमआय नावाने जुलै 2021 मध्ये परतला, जुलै 2022 मध्ये पुन्हा गेला, मे 2023 मध्ये पुन्हा आला. फ्री फायर गेला तरी त्याचा भाऊ फ्री फायर मॅक्स राहिला. आपल्या बसस्टँडमागच्या कट्ट्यावर या सगळ्या काळात एक दिवस खेळ बंद झाला नाही. बीजीएमआय परत आला तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची आणि सात हजार रुपयांची मर्यादा घातली गेली. सात हजार! दिवसाला! ज्या घरात रोज पाचशेची मजुरी येते तिथं ही मर्यादा म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा. वेगवान गेमचं खरं दुखणं इथं आहे. रक्तात नाही, बंदुकीत नाही. वेळ आणि पैसा. बंदुकीला नवा रंग, पात्राला नवं जाकीट, त्यासाठी बापाच्या फोनवरून पैसे वळते. गेल्या वर्षी, 2025 च्या ऑगस्टमध्ये, पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर केंद्राने कायद्याने बंदी आणली, पण बंदुकीचा रंग विकणं त्यात येत नाही. निवेदनात हा मुद्दा असता तर मीही खाली सही केली असती.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते.

वास्तववादी गेमने आपल्या गावात नुकसान केलंय. पण ते पोरांचं नाही.

मे 2025 आठवा. ऑपरेशन सिंदूरच्या त्या तीन-चार रात्री. गावातला प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुप जागा होता. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतला एखादा पोरगा सीमेवर. आयांच्या डोळ्याला डोळा नाही. त्यात एका ग्रुपवर क्लिप आली. अंधार, लाल ठिणग्यांची रांग आकाशात, मध्येच स्फोट, आवाज नाही. खाली लिहिलेलं की आपल्या चौकीवरून आत्ता आलेलं दृश्य. ग्रुपमध्ये डॉक्टर, वकील, शिक्षक, दोन माजी नगरसेवक. अर्ध्या तासात क्लिप पन्नास ठिकाणी गेली. एका विद्यार्थ्याने खाली लिहिलं की हा आर्मा आहे, मी खेळलोय. त्याला चार जणांनी सुनावलं, एकाने देशभक्तीचा क्लास घेतला आणि अॅडमिनने त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. तेवढ्या वेळात ज्यांचा मुलगा त्या चौकीच्या भागात होता अशी एक माउली देवासमोर बसून होती. तिला कुणी सांगितलं नाही की हा गेम आहे, कारण सांगणाऱ्याला आपण बाहेर काढलं होतं.

त्याच दिवसांत सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने गेममधल्या क्लिपा युद्धाच्या म्हणून फिरतायत असं जाहीर केलं होतं. आणि हे पहिल्यांदा झालं नाही. सप्टेंबर 2021 मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीरवर पाकिस्तानी विमानांचा हल्ला म्हणून आपल्याच काही वृत्तवाहिन्यांनी आर्मातलं दृश्य चालवलं. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर कीवच्या आकाशातला पराक्रम म्हणून जी विमानाची क्लिप जगभर फिरली ती डीसीएस नावाच्या विमानाच्या गेममधली होती. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आम्हाला शिकवलं होतं की बातमी दोन ठिकाणांहून तपासा. आता तिसरं ठिकाण जोडायला हवं, गल्लीतला बारावीचा पोरगा.

आर्माच्या कंपनीने तर वैतागून नोव्हेंबर 2022 मध्ये जाहीर निवेदन काढलं. एक क्लिप काढायला लावली की रोज दहा नव्या येतात, अशी त्यांची तक्रार. खोटी क्लिप ओळखायच्या खुणाही त्यांनीच दिल्या. चित्र मुद्दाम धूसर असतं. कॅमेरा थरथरतो. बहुतेक वेळा रात्र असते. आवाज नसतो. हलती माणसं क्वचित दिसतात, कारण यंत्रातली माणसं चालताना लगेच ओळखू येतात. धूर आणि ठिणग्या जरा जास्तच सुबक असतात. या खुणा लक्षात ठेवून त्या रात्रीची क्लिप आठवून बघा.

म्हणजे झालं काय, तव्याने गोळी अडवणारा गेम कुणाला फसवू शकत नाही. तो स्वतःच ओरडून सांगतो की मी खेळ आहे. वास्तवाचा दावा करणारा मात्र खेळणाऱ्याला फसवत नाही, न खेळणाऱ्याला फसवतो. पोरगं वीस मिनिटं त्या डोंगरावर चाललेलं असतं, त्याला तिथला उजेड माहीत असतो. आपण फक्त बघतो आणि पुढे ढकलतो.

आणि दिसायला खरं म्हणजे सगळं खरं, असंही नाही. अमेरिकेच्या लष्कराने 2002 साली स्वतःचाच गेम काढला होता, अमेरिकाज आर्मी नावाचा, पोरांनी भरतीला यावं म्हणून. शस्त्रं, शिस्त, सगळं हुबेहूब. पण त्यात दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना स्वतः अमेरिकन सैनिकच दिसायचे आणि समोरचे नेहमी शत्रू. आपण कधी दुसऱ्या बाजूला असूच शकत नाही, अशी सोय. 2022 मध्ये तो बंद झाला. बहुतेक युद्धाच्या गेममध्ये गावं असतात, घरं असतात, दोरीवर कपडेही असतात, फक्त त्या घरातली माणसं नसतात. आर्मावाल्यांनी 2017 मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीबरोबर काम करून एक भाग काढला. त्यात युद्ध संपल्यावर सुरुंग काढणारा माणूस खेळायचा आणि कमाईतला वाटा त्या संस्थेला गेला. असले गेम पोरांनी खेळले तर माझी काहीच हरकत नाही. दहावीच्या वर्गात अर्धा तास दाखवा म्हणेन मी.

तालुक्यातल्या शाळांना माझी एक सूचना आहे. गेमच्या दुष्परिणामांवर व्याख्यान ठेवता ना, तेच उलटं करा. पोरांना स्टेजवर बसवा, पालकांना समोर. दहा क्लिपा लावा, पाच खऱ्या, पाच गेममधल्या. कोण किती ओळखतं ते बघू. बक्षीस म्हणून हवं तर तवा ठेवा.

त्या विद्यार्थ्याला ग्रुपमध्ये परत घ्या, असा मेसेज मी अॅडमिनला मे महिन्यातच केला होता आणि परवा निवेदनाची बातमी लागल्यावर पुन्हा केला. निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.